रात्रीचे ससे, हातात बॅटरी आणि तेरा महिन्यांची लर्चर: माझीच घाई नडली का?

माणदेशी

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या. मी मूळचा माण तालुक्यातला, नऊ वर्षं झाली इंग्लंडात लिंकनशरला आहे, भाजी पॅकिंगच्या कारखान्यात मेंटेनन्सला. लाऊथच्या बाजूला वोल्ड्स म्हणून टेकड्या आहेत, खाली पांढरी चुन्याची जमीन, वर गहू, बार्ली आणि मेंढरं. तिथल्या एका शेतकऱ्याशी ओळख झाली. त्याच्या गव्हाची कुंपणालगतची वीस-पंचवीस पावलांची पट्टी सशांनी जमिनीबरोबर केली होती, वस्तऱ्याने भादरावी तशी. इकडे १९५४ चा पेस्ट्स अॅक्ट आहे, त्यात सशांचा बंदोबस्त करायची जबाबदारी जमीन कसणाऱ्यावरच येते, म्हणून त्याने मला ससे धरायची लेखी परवानगी दिलीये.

आता कुत्रीबद्दल. नाव तांबू, वय तेरा महिने, लर्चर. लर्चर ही जात नाही, मेळ आहे, म्हणजे ग्रेहाउंड, व्हिपेट, सलुकी असलं नजरेवर पळणारं कुत्रं आणि कोली किंवा बेडलिंग्टन टेरियरसारखं कामाचं कुत्रं यांचा. वेग एकाचा, डोकं दुसऱ्याचं. तांबूचा बाप कोली-ग्रेहाउंड, आई व्हिपेट-ग्रेहाउंड. खांद्याला चोवीस इंच आहे, अंगाने नुसती काठी. तिला मी सगळं मराठीतच शिकवलंय, ‘ये’, ‘थांब’, ‘आण’, ‘सोड’. तो शेतकरीसुद्धा आता तिला ‘थांब’ म्हणतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रात्रीच्या या कामाला इकडे लॅम्पिंग म्हणतात. काळोखी रात्र, जोराचा वारा, जमलं तर बारीक भुरभुर पाऊस. ससे चरायला बिळापासून लांब मैदानात येतात, वाऱ्याच्या आवाजात त्यांना आपली चाहूल लागत नाही. आपण वारा तोंडावर घेऊन कुंपणाच्या कडेने चालायचं, म्हणजे ससा आणि त्याचं बीळ यांच्या मधे आपण. बॅटरी दोन-तीन सेकंद फिरवायची, लालसर गुलाबी डोळा चमकला की त्यावर धरायची आणि पट्टा सोडायचा. कुत्रं त्या उजेडाच्या वाटेने जातं.

पहिल्या दोन रात्री दृष्ट लागण्यासारखं झालं. पहिल्या रात्री एक ससा, दुसऱ्या रात्री दोन, तिन्ही दबून बसलेले, तिन्ही जिवंत हातात आणून दिले. तिसऱ्या रात्री मला हाव सुटली. वारा पडला होता, ढग फाटून चांदणं आलं होतं, ससे बिळांच्या तोंडाशीच बसलेले, तरी मी तिला नऊ वेळा सोडलं. नऊच्या नऊ वेळा ससा कुंपणात. सहाव्या-सातव्या धावेला ती पळता पळता भुंकायला लागली, जे तिने आधी कधीच केलं नव्हतं. नवव्या धावेहून परत येताना शेताच्या मधोमध एक हेअर (मोठा, बीळ न करणारा ससा) उठलं आणि ती त्याच्या मागे गेली. मी बॅटरी मारत, हाका मारत उभा, दोन शेतं ओलांडून दिसेनाशी झाली. वीस मिनिटांनी आली ती लंगडत, खांद्याची कातडी काटेरी तारेने हातभर फाटून लोंबत होती. अकरा टाके पडले.

टाके सुकतायत, पण मला रात्री झोप लागत नाहीये. भुंकण्याची ही खोड जाते का? आणि हेअरच्या मागे जाणं कसं थांबवायचं? अनुभवी लोकांनी कृपया सांगा, रागवायचं असेल तरी चालेल.

---

डोंगरकुशी

माणदेशी भाऊ, आधी तांबूला माझ्याकडून एक पापा. मी वेल्समधे कार्मार्थनच्या बाजूला मेंढ्यांच्या फार्मवर बारा वर्षं काम करतोय, हे माझं तिसरं लर्चर. रागवणार नाही, पण स्पष्ट लिहितो.

भुंकणं हा तिचा दोष नाही. कोवळं कुत्रं जेव्हा जीव तोडून पळतं आणि पुन्हा पुन्हा हातातोंडाशी आलेला ससा निसटतो तेव्हा तो वैताग तोंडातून बाहेर पडतो. दोन-चार वेळा झालं की सवय लागते, आणि एकदा पक्की झाली की आयुष्यभर जात नाही, मी असली कुत्री बघितलीत, सोडल्यापासून शेवटपर्यंत ओरडत पळतात आणि शेतातले सगळे ससे बिळात. तुमचं एकाच रात्रीचं आहे, त्यामुळे आशा आहे. आता निदान सहा आठवडे बॅटरी कपाटात ठेवा. टाके सुकले तरी.

पुन्हा सुरू कराल तेव्हा एका रात्री दोन धावा, फार तर तीन, त्याही फक्त दबून बसलेल्या सशावर, तीस पावलांच्या आत. दबलेला ससा ओळखायला सोपा, कान पाठीला चिकटलेले, अंग गोळा करून जमिनीशी सपाट. कान उभे असतील तर तो निघायच्या तयारीत आहे, त्याला सोडून द्या. दोन धावांत एक मिळाला की घरी. शेतात अजून दहा डोळे चमकतायत म्हणून थांबायचं नाही, हे माणसाला जड जातं, कुत्र्याला नाही. आठवड्यातून एक रात्र पुरे. चांदण्यात आणि वारा नसताना तर घराबाहेर पडूच नका, त्या रात्री जुनंजाणतं कुत्रंसुद्धा मोकळं परत येतं. जमीन गोठलेली असतानाही नाही, पंजाची नखं आणि बोटं जातात.

ससा बिळात गेला की बॅटरी लगेच बंद. हे सगळ्यात महत्त्वाचं. उजेड आहे तोवर काम आहे आणि उजेड गेला की काम संपलं, मागे फिरायचं, हे तिला कळलं पाहिजे. तुम्ही हेअरच्या वेळी तिला शोधायला बॅटरी फिरवत राहिलात ना, तिच्या हिशोबाने तुम्ही तिला ‘पळ’ म्हणत होतात. परत बोलावताना बॅटरी खाली स्वतःच्या पायाशी धरायची, खाली बसायचं, ती त्या उजेडाच्या ठिपक्याकडे येते. आणि तिच्या डोळ्यात कधीच मारायची नाही, पुढचे काही क्षण आंधळी होऊन तारेत जाईल.

शेत दिवसा पायाखाली घातलंय का? तार कुठे, गेट कुठे, जुना नांगर गवतात पडलाय का, हे सगळं डोक्यात नकाशासारखं असल्याशिवाय त्या शेतात रात्री कुत्रं सोडू नये.

मेंढरांचं विचारलं नाहीत पण सांगतो, आधी ते पक्कं करा. मेंढीचे डोळे बॅटरीत हिरवट चमकतात आणि कळप धावायला लागला की कोवळ्या कुत्र्याचं डोकं फिरतं. माझी तिन्ही दहाव्या आठवड्यापासून मेंढ्यांत वाढली. इकडे मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला शेतकऱ्याने गोळी घातली तर कायदा बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहतो.

---

निशाचर

मी नॉटिंगहॅमला. हेअरबद्दल लिहितो कारण तिथे नुसतं प्रशिक्षण नाही, कायदा आहे, आणि आपली भाषा आपल्याला इथे फसवते. मराठीत रॅबिट पण ससा आणि हेअर पण ससा. इंग्लंडात या दोघांच्या मधे तुरुंग आहे.

२००४ च्या हंटिंग अॅक्टने (लागू झाला फेब्रुवारी २००५ पासून) इंग्लंड आणि वेल्समधे कुत्र्यांनी जंगली सस्तन प्राण्यांची शिकार बंद केली. रॅबिट आणि उंदीर-घुशी यांना सूट आहे, तीही जमीन तुमची असेल किंवा मालकाची-कसणाऱ्याची परवानगी असेल तरच. हेअरला ती सूट नाही. परवानगीशिवाय रात्री रॅबिट धरणं हा तर १८२८ च्या नाइट पोचिंग अॅक्टपासून गुन्हा आहे आणि तो कायदा अजून जिवंत आहे. २०२२ मधे हेअरच्या बाबतीत आणखी कडक झालं, हेअरमागे कुत्री सोडायच्या इराद्याने दुसऱ्याच्या जमिनीत घुसलात तरी सहा महिन्यांपर्यंत कैद, शिवाय कुत्रं जप्त, त्याच्या सांभाळाचा खर्च तुमच्यावर आणि पुढे कुत्रं पाळायला बंदीसुद्धा होऊ शकते. स्कॉटलंडला गेलात तर तिथला २०२३ चा कायदा वेगळा आहे, त्यात रॅबिटसुद्धा येतो, त्यामुळे इथली सूट तिथे धरून चालू नका.

तुम्ही मुद्दाम सोडली नाहीत, हे खरं. पण लिंकनशर हा हेअर कोर्सिंगचा, म्हणजे हेअरमागे कुत्री सोडायच्या खेळाचा बालेकिल्ला, सपाट मोकळी शेतं, टोळ्या गाड्या घेऊन येतात, पैजा लावतात, शेतकऱ्यांना धमकावतात. तिथल्या पोलिसांचं ऑपरेशन गॅलिलिओ खास त्यासाठीच आहे. रात्री शेतात लर्चर घेऊन उभा असलेला माणूस लांबून सगळ्यांना सारखाच दिसतो. परवानगीचा कागद कायम खिशात ठेवा, निघायच्या आधी १०१ ला (पोलिसांचा तातडी नसलेल्या कामाचा नंबर) फोन करून कुठल्या शेतात, किती वेळ, गाडीचा नंबर हे कळवा. शेजारच्या शेतकऱ्यांनाही सांगून ठेवा.

ओळखायचं कसं, तर हेअर मोठं, पाय लांब, कानाची टोकं काळी, आणि बहुतेक वेळा शेताच्या मधोमध उघड्यावर बसतं कारण त्याला बीळच नसतं. रॅबिट उठला की कुंपणाकडे, हेअर उठलं की दूर मैदानात. मधोमध एकटा मोठा डोळा दिसला तर बॅटरी बंद करून दुसऱ्या शेतात जा.

---

कारवानप्रेमी

लातूरहून लिहितोय. माणदेशी दादा, वाचून अंगावर काटा आला. माझ्याकडे कारवान जातीची जोडी आहे, हीपण नजरेवर पळणारीच, तोंड लांब, पोट पाठीला लागलेलं, सोलापूर-लातूर-धाराशिव पट्ट्यात घरोघरी दिसायची. आमचे आजोबा सांगायचे ज्वारी काढल्यावर रानात कुत्री घेऊन जायचे आणि ससा आणायचे. माझा नर दहा महिन्यांचा आहे, वेग बघवत नाही इतका. असं बॅटरीवर शिकवता येईल का त्याला?

---

माणदेशी

कारवानप्रेमी भाऊ, नाही. अगदी हात जोडून सांगतो. आपल्याकडचा ससा म्हणजे इकडचा रॅबिट नव्हे, तो हेअर आहे, काळ्या मानेचा, बीळ न करणारा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, स्वतःच्या रानात, स्वतःच्या कुत्र्याने धरला तरी गुन्हा. आणि इकडच्यासारखी तिकडे काही सूट नाही.

माझे चुलते लहानपणी मला बॅटरी धरायला न्यायचे. उन्हाळ्यात, अमावास्येच्या आसपास, बांधाबांधाने. ससा उजेडात थबकायचा आणि मी श्वास रोखून धरायचो, ती बॅटरी तीन सेलची, पत्र्याची, हाताला गार लागायची. तेव्हाही कायदा होताच, आम्हाला कुणी सांगितला नव्हता. आता माणमधे गेलो की रात्रीच्या रात्री ससा दिसत नाही. इकडे मी ज्याच्या मागे आहे तो नॉर्मन लोकांनी बाहेरून आणलेला प्राणी, मांसासाठी आणि कातड्यासाठी बांधीव वाड्यांत पाळायचे, मग सुटून रानभर झाला. दोन्ही गोष्टी एका तराजूत नाही घालता येणार.

तुमच्या नराला लांब काठीला दोरी आणि दोरीला चिंधी बांधून पळवा. ओल्या नांगरटीत नको, गवतात. आठ-दहा मिनिटं. त्याचा जीव पळण्यात आहे, सशात नाही.

---

मोरपीस

धागा सगळा वाचला. मी पुण्यात असते, घरी दोन ससे पाळलेत, त्यामुळे वाचताना दोनदा मोबाईल खाली ठेवला. भांडायचं म्हणून लिहीत नाही. एक मनापासून विचारते, हा प्राणी त्याच्या मूळ मुलखात, स्पेन-पोर्तुगालात, रोगांनी इतका घटलाय की २०१९ मधे त्याला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत टाकलं गेलं. इंग्लंडातही कमीच होतायत म्हणतात. मग कुत्र्याच्या तोंडी देण्याऐवजी कुंपण का नाही घालत?

---

माणदेशी

मोरपीस ताई, तुम्ही वाचलंत आणि नीट विचारलंत म्हणून बरं वाटलं, खरंच.

घटलेत हे बरोबर आहे. १९५३ मधे केंट परगण्यात मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग आला आणि काही वर्षांत इथले शंभरातले नव्व्याण्णव ससे गेले असं सांगतात, मग १९९२ पासून दुसरा रक्तस्रावाचा रोग, त्याचा नवीन प्रकार आता फिरतोय. शेतकऱ्याच्या ऐंशी वर्षांच्या वडिलांना मिक्सोमॅटोसिसचं ते साल आठवतं, शाळेच्या वाटेवर डोळे सुजून बंद झालेले ससे रस्त्यात बसलेले, गाडी आली तरी हलत नव्हते. मलाही असा एक मागच्या सप्टेंबरात सापडला होता, त्याला मी स्वतः त्या हालातून सोडवला. पण रोग सगळीकडे सारखा नसतो. पुढच्या दोन गावांत औषधाला ससा नाही आणि या एका चुन्याच्या उतारावर दीडशे बिळं आहेत. जिथे कमी आहेत तिथे मी जात नाही, तशी मला कुणी परवानगीही देणार नाही.

कुंपण आहे. त्याने दोन शेतांना बारीक जाळी घातलीये, खालचं टोक जमिनीवर बाहेरच्या बाजूला दुमडून, म्हणजे खणता येत नाही. सगळ्या शेताला घालायची त्याची ऐपत नाही. बाकी पर्याय म्हणजे बिळात विषारी वायू सोडणं किंवा बंदूक. वायू सोडला की आत कोण आहे, व्यालेली मादी आहे का, किती वेळ लागला, काहीच दिसत नाही. मला ते नाही जमणार. तांबू ससा जिवंत आणून देते, मी एका झटक्यात मान मोडतो, ते मला नीट यावं म्हणून महिनाभर एका म्हाताऱ्या माणसाकडून शिकलो. मार्चपासून मी जातच नाही, पिल्लांचे दिवस असतात. आणि धरलेला प्रत्येक ससा खाल्ला जातो.

तुम्हाला पटेल असं नाही. पण मी हे हलक्या मनाने करत नाही एवढं कळावं म्हणून लिहिलं.

---

खूर_आणि_पंजा

पशुवैद्य आहे, जखमेबद्दल थोडं. या कुत्र्यांची कातडी कागदासारखी पातळ आणि खाली चरबी नाही, त्यामुळे तारेत अडकली की कापडासारखी फाटते, दिसायला भयंकर पण सहसा खोल नसते. रात्री सोबत सलाइन, स्वच्छ गॉज आणि बँडेज ठेवा. धुवा, झाका, डॉक्टरकडे न्या. घरातली आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, कुत्र्यांना विषारी ठरू शकते.

दुसरं, बाप कोलीचा आहे म्हणालात. कोलींच्या रक्तात एमडीआर-१ नावाचा जनुकदोष असू शकतो, असल्यास आयव्हरमेक्टिनसारखी औषधं जास्त मात्रेत थेट मेंदूवर जातात. गालाच्या आतल्या बाजूने बोळा फिरवून तपासणी होते, एकदा करून ठेवा आणि रिपोर्ट डॉक्टरांच्या फायलीत लावा. भूल देतानाही लर्चर आहे हे आवर्जून सांगा, नजरेवर पळणाऱ्या कुत्र्यांना काही जुनी भुलीची औषधं सोसत नाहीत.

या बांध्याच्या कुत्र्यांची हाडं वाढायची साधारण वर्ष-सव्वा वर्षापर्यंत थांबत नाहीत, तेरा महिने म्हणजे अगदी काठावर. नऊ धावा फार झाल्या. पळायच्या आधी आणि लगेच नंतर पोटभर खायला घालू नका, छाती खोल असल्याने पोटाला पीळ पडायचा धोका असतो. सशाची कच्ची आतडी तर कधीच नाही, टेपवर्म तिथूनच येतो.

---

रस्सावाली

धरलेला प्रत्येक ससा खाल्ला जातो म्हणालात म्हणून विचारते, कसा करता? आम्ही लीड्सला आहोत, इथे मटणवाल्याकडे मिळतो कधीकधी, पण चिवट होतो.

---

माणदेशी

ताई, रानातल्या सशाला चरबी नसतेच, मटणासारखा केला की दोरखंड होतो. पोट साफ करताना काळीज बघायचं, पांढरे ठिपके असतील तर मी तो घेत नाही. रात्रभर मिठाच्या पाण्यात, मग दही, हळद, आलं-लसूण लावून तीन-चार तास. पुढचे पाय आणि पाठ वेगळी ठेवायची, मागचे पाय कुकरला कोवळ्याचे तीन, जुन्याचे पाच-सहा शिट्ट्या. वाटण कांदा-सुकं खोबरं भाजून, तिखट आपला कांदा-लसूण मसाला, आई पाठवते तो. तेल नेहमीपेक्षा पळीभर जास्त. बाजरीची भाकरी. पाठीचं मांस शेवटी नुसतं रश्श्यात सोडायचं, दहा मिनिटांत होतं.

---

माणदेशी

मंडळी, दोन महिन्यांनी अपडेट देतोय.

डोंगरकुशी दादांचं ऐकलं. बॅटरी सात आठवडे कपाटात. एमडीआर-१ ची तपासणी झाली, एका बाजूने दोष निघाला, म्हणजे औषधं जपून, बरं झालं कळलं. दिवसा तिला लांब दोरीवर त्याच मेंढ्यांतून फिरवलं, रोज, पाऊस असो काही असो. सुरुवातीला मेंढी पळाली की कान ताठ व्हायचे, आता जांभई देते. संध्याकाळी अंगणात सशाचं कातडं गुंडाळलेला डमी फेकायचा, अंधारात, पायाशी उजेड धरून ‘आण’. उजेड बंद केला की ‘ये’. शंभर वेळा, दोनशे वेळा. बायको म्हणाली आता मीपण बत्ती गेली की तुझ्याकडे येईन.

काल गेलो. अमावास्येला दोन दिवस, नैऋत्येचा वारा असा की टोपी हातात धरावी लागत होती. १०१ ला फोन केला, शेजाऱ्याला मेसेज टाकला. पहिला ससा वीस पावलांवर दबलेला, तांबू सरळ गेली आणि उचलला, आवाज नाही. दुसरा उठला, तिने दोन वळणं घेतली, तिसऱ्या वळणाला तो कुंपणात. मी बॅटरी बंद केली. अंधारात पाच-सहा सेकंद नुसता वारा, मला माझ्या छातीचे ठोके ऐकू येत होते, मग गुडघ्याला तिचं ओलं नाक लागलं. भुंकली नाही.

गाडीकडे परत चालताना शेताच्या मधोमध मोठा डोळा दिसला, एकटाच. कानाची काळी टोकं स्पष्ट दिसली. बॅटरी बंद केली आणि तिला पट्ट्यात धरून तिथेच उभा राहिलो. अंधारात तिला काही दिसत नव्हतं पण वास आला असणार, पट्टा थरथरत होता. ‘थांब’ म्हणालो हळूच. थांबली. किती वेळ उभे होतो कोण जाणे, पट्टा ढिला झाला तेव्हा निघालो.

ससा शेतकऱ्याच्या वडिलांना दिला, ते त्याचा ‘पाई’ (पिठाच्या पारीत भाजलेला इंग्लिश पदार्थ) करतात असं म्हणाले. तारेच्या जागी खांद्यावर केस पांढरे आलेत. पुढचे दहा दिवस सुट्टी, मग हवा बघून.